गुण आला, पण कारण सापडलं का? गॅरी टॉब्ज यांच्या 'गुड कॅलरीज, बॅड कॅलरीज'ची समीक्षा

आजचं व्याख्यान एका पुस्तकावर आहे. गॅरी टॉब्ज यांचं 'गुड कॅलरीज, बॅड कॅलरीज'. पुस्तक २००७ सालचं, लेखक अमेरिकन, दाखले बहुतेक अमेरिका आणि युरोपातले. पण त्यातला मुद्दा आता आपल्या ताटापर्यंत पोचलाय. 'चपाती बंद केली आणि सहा किलो उतरलं', 'खरा शत्रू तेल-तूप नाही, भात आहे', 'कॅलरी मोजू नका, इन्सुलिन सांभाळा'. ही वाक्यं आज लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतात. बोलणाऱ्यांनी टॉब्ज वाचलेले असतातच असं नाही. पण या विचाराला पुरावे, इतिहास आणि वकिलाची धार देऊन सर्वांत जोरकसपणे मांडलं ते या पुस्तकानं. म्हणून ते तपासून घ्यायला हवं.

सुरुवातीलाच सांगते, काय खावं हा आजचा विषय नाही. एखादा माणूस काही सिद्ध केल्याचा दावा करतो तेव्हा ते खरंच सिद्ध झालंय का, एवढंच आपण बघायचं आहे.

पुस्तकाची मांडणी

टॉब्ज भौतिकशास्त्र शिकलेले, पेशानं विज्ञान-पत्रकार. त्यांचं आधीचं पुस्तक, 'बॅड सायन्स', १९९३ सालचं. विषय 'शीत संमीलन', म्हणजे कोल्ड फ्यूजन. प्रयोगशाळेतल्या हुशार माणसांनी स्वतःचीच समजूत कशी घालून घेतली, याची ती कथा. तीच नजर घेऊन ते आहारशास्त्राकडे वळले. २००२ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात त्यांचा लेख आला. मेद टाळा हा सल्लाच मोठं असत्य असेल तर, असा त्याचा सूर होता. त्यावर खूप गदारोळ झाला आणि पाच वर्षांनी हे जाडजूड पुस्तक आलं.

सुरुवात होते विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थापासून. त्यांचा धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे ९२ किलोच्या आसपास. अनेक उपाय करून थकले. मग एका डॉक्टरच्या सांगण्यावरून पाव, साखर, बिअर, बटाटे सोडले आणि साधारण वर्षभरात २० किलोंहून जास्त वजन उतरलं. १८६३ साली त्यांनी त्यावर पत्रिका छापली. ती इतकी खपली की 'बँटिंग करणे' हा पथ्य पाळण्यासाठीचा शब्दच होऊन बसला. टॉब्ज यांचं म्हणणं असं की पिष्टमय आणि गोड पदार्थ माणसाला लठ्ठ करतात, हे त्यानंतर शंभर वर्षं सर्वसाधारण शहाणपण होतं. मग ते विसरलं कसं?

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला मेद आणि कोलेस्टेरॉलच्या सिद्धांतावर. दुसरा कर्बोदकांच्या सिद्धांतावर: मधुमेह, हृदयविकार आणि इतर दीर्घकालीन आजारांच्या मुळाशी मैदा, साखर आणि सडलेला, पॉलिश केलेला तांदूळ आहे, असं तो मांडतो. तिसरा भाग लठ्ठपणावर, आणि सगळ्या पुस्तकाचं वजन त्यावर आहे. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा. कर्बोदकं खाल्ली की रक्तातली साखर वाढते. साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. इन्सुलिन चरबीच्या पेशींना सांगतं, साठवा, सोडू नका. मग इंधन चरबीत अडकून पडतं, बाकीचं शरीर उपाशी राहतं, म्हणून माणसाला भूक लागते आणि थकवा येतो. म्हणजे आपण जास्त खातो म्हणून लठ्ठ होत नाही, तर लठ्ठ होत असतो म्हणून जास्त खातो.

यासाठी त्यांचा दृष्टान्त छान आहे. चौदा वर्षांचा मुलगा उंच होत असतो तेव्हा खा-खा खातो. तो जास्त खातो म्हणून उंच होतोय असं कुणी म्हणत नाही. वाढीचं संप्रेरक त्याला वाढवतंय, म्हणून त्याला भूक लागते. तर मग लठ्ठ माणसालाच तेवढं 'हावरट' का म्हणायचं?

जे मानलं पाहिजे

या पुस्तकाचं मोठं ऋण आधी मान्य करू. लठ्ठपणा म्हणजे स्वभावाचा दोष, आळस आणि खादाडपणा यांची शिक्षा, ही समजूत टॉब्ज मोडून काढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अॅरिझोनातल्या पिमा लोकांमध्ये गरिबीत, सरकारी शिध्यावर जगताना लठ्ठपणा दिसू लागला होता. अशी कितीतरी उदाहरणं ते जुन्या अहवालांतून उकरून काढतात. कष्ट करणारी, पोटभर न मिळणारी बाई लठ्ठ आणि तिच्या कडेवरचं मूल कुपोषित. 'कमी खा, जास्त हाला' हे वाक्य तिच्यापुढे निरुपयोगी ठरतं. हा प्रश्न त्यांनी नीट विचारला.

दुसरं, कॅलरींचा हिशोब हे वर्णन आहे, कारण नव्हे, हे ते बरोबर ओळखतात. सभागृह भरलं ते का, या प्रश्नाला 'बाहेर पडले त्यापेक्षा आत आलेले जास्त' हे उत्तर चूक नाही, पण त्यानं काही कळत नाही.

तिसरं, इन्सुलिनबद्दलचं मूळ शरीरशास्त्र पक्कं आहे. इन्सुलिन चरबी फुटण्याची क्रिया रोखतं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन नसतं, तेव्हा माणूस कितीही खाऊन वाळत जातो. रोज एकाच जागी इन्सुलिनची सुई टोचली तर तिथे चरबीचा उंचवटा येतो, म्हणूनच डॉक्टर जागा बदलायला सांगतात. रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६०च्या सुमारास रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत काढली आणि या साऱ्याचा अभ्यास शक्य झाला. त्या पद्धतीसाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं.

उडी कुठे मारली आहे

इथपर्यंत ठीक. पण 'इन्सुलिन चरबीची पेशी चालवतं' हे एक विधान आहे आणि 'म्हणून कर्बोदकांमुळे माणूस लठ्ठ होतो, कॅलरींचा त्यात संबंध नाही' हे दुसरं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मधला पूल लागतो. पुस्तकात तो पूल बांधलेला नाही, उडी मारली आहे.

जेवणानंतर काही तास इन्सुलिन वर असतं. त्या वेळात शरीर साखर जाळतं आणि मेद साठवतं. मग इन्सुलिन उतरतं आणि रात्रभर तोच मेद बाहेर पडून जळतो. चरबी वाढली की घटली हे चोवीस तासांच्या, आठवड्याच्या जमाखर्चावर ठरतं. पासबुकात एका दिवशी पगार जमा झाला म्हणून महिनाअखेरीस शिल्लक वाढलेलीच असते असं नाही, तसंच हे. शिवाय मांस, मासे, दूध यांतल्या प्रथिनांनीही इन्सुलिन वाढतं. आणि खाल्लेला मेद साठवायला इन्सुलिनची मोठी लाट लागत नाही, उपाशीपोटी असतं तेवढंही पुरतं.

आता पुराव्याच्या वापराकडे येऊ. पुस्तकातला खलनायक म्हणजे अँसल कीज. १९५३ साली कीज यांनी सहा देशांचा आलेख काढला: आहारात मेद जितका जास्त, तितके हृदयविकाराचे मृत्यू जास्त. १९५७ साली येरुशाल्मी आणि हिलबो या दोघांनी दाखवलं की आकडे बावीस देशांचे उपलब्ध होते आणि सगळे घेतले तर ती सुबक रेषा बरीच विस्कटते. टॉब्ज यांचा आक्षेप असा की कीज यांनी सोयीचे साक्षीदार उभे केले. आक्षेपात तथ्य आहे.

पण तोच निकष टॉब्ज यांना लावून बघा. जपानमध्ये, विशेषतः ओकिनावात, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आहारातली चार पंचमांशांहून जास्त ऊर्जा कर्बोदकांतून येत असे. मुख्य अन्न रताळी. माणसं सडपातळ आणि दीर्घायुषी. अमेरिकेत वॉल्टर केम्पनर यांनी १९३९पासून ड्यूक विद्यापीठात रुग्णांना भात, फळं आणि चक्क साखर असा जवळजवळ निव्वळ कर्बोदकांचा आहार दिला. कित्येकांचा रक्तदाब उतरला, वजनंही उतरली. सिद्धांत बरोबर असेल तर हे व्हायला नको होतं. टॉब्ज यांचं आशियाबद्दलचं उत्तर असं, की तिथे साखर फार कमी खाल्ली जात होती. उत्तर विचार करण्यासारखं आहे. पण ते दिल्याबरोबर सिद्धांत बदलतो हे लक्षात घ्या. मग आरोपी 'कर्बोदकं' राहत नाहीत, 'साखर' होते. पुढे २०१६ साली त्यांनी 'द केस अगेन्स्ट शुगर' नावाचं वेगळं पुस्तकच लिहिलं. पण साखरेवरचा आरोप सिद्ध झाला तरी भाकरी आणि रताळं आपोआप दोषी ठरत नाहीत.

आणखी एक जागा. अमेरिकेत १९७७ साली मॅकगव्हर्न समितीनं मेद कमी करायला सांगितलं. १९९२ सालच्या सरकारी अन्न-पिरॅमिडच्या पायाशी पाव आणि धान्यांचे दिवसाला ६ ते ११ भाग आले. त्याच काळात लठ्ठपणा वाढला. लोकांनी सल्ला ऐकला आणि लठ्ठ झाले, असा निष्कर्ष पुस्तक सुचवतं. आता सरकारी पाहणीचे आकडे बघा. १९७१ ते २००० या काळात अमेरिकन पुरुषाच्या आहारातला कर्बोदकांचा वाटा ४२ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेला. हे टॉब्ज यांच्या बाजूचं. पण त्याच पाहणीत पुरुषाचं रोजचं खाणं २४५० कॅलरींवरून २६१८वर आणि बाईचं १५४२वरून १८७७वर गेलं. बायका दिवसाला ३३५ कॅलरी जास्त खाऊ लागल्या होत्या. कर्बोदकं आणि एकूण खाणं दोन्ही एकत्र वाढली. अशा आकड्यांवरून दोषी कोण हे ठरवता येत नाही. पत्रकार टॉब्ज हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लगेच पकडतील.

मग परीक्षा झाली

टॉब्ज यांच्याबद्दल आदर वाटावा अशी गोष्ट आता सांगते. ते नुसते लिहून थांबले नाहीत. २०१२ साली डॉ. पीटर अॅटिया यांच्याबरोबर त्यांनी 'न्यूसी' नावाची संस्था काढली. आपला सिद्धांत कसोटीला लागावा म्हणून मोठ्या देणगीदारांकडून पैसा उभा केला आणि तो सिद्धांतावर विश्वास नसलेल्या संशोधकांनाही दिला.

पहिला अभ्यास केविन हॉल आणि सहकाऱ्यांचा. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. १७ जाड पुरुष आठ आठवडे संशोधन केंद्रातच राहिले. प्रत्येक घास मोजलेला. आधी चार आठवडे नेहमीसारखा कर्बोदकांचा आहार, मग चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचा किटोजेनिक आहार, ज्यात कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. इन्सुलिन झपाट्यानं उतरलं, जवळपास निम्म्यावर आलं. सिद्धांताप्रमाणे चरबीची दारं उघडायला हवी होती. पण चरबी घटण्याचा वेग वाढला नाही, सुरुवातीला तर मंदावला. शरीराचा ऊर्जाखर्च थोडासा वाढला, दिवसाला शंभर कॅलरींच्या आत. टॉब्ज यांनी आक्षेप घेतले: अभ्यास लहान होता, तो प्राथमिक स्वरूपाचा होता, दोन्ही आहारांचा क्रम सगळ्यांसाठी एकच होता. आक्षेप अगदीच चुकीचे नाहीत.

मग २०१८ साली स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा अभ्यास आला. यालाही न्यूसीचा पैसा होता. ६०९ माणसं, एक वर्ष. निम्म्यांना कमी मेद, निम्म्यांना कमी कर्बोदकं, आणि दोन्ही गटांना सांगितलं की साखर, मैदा, डबाबंद खाणं टाळा, ताज्या भाज्या खा. वर्षाअखेर कमी मेदवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकंवाल्यांचं ६ किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फरक नाही. ज्यांचं इन्सुलिन जास्त सुटतं त्यांना कमी कर्बोदकांचा जास्त फायदा होईल, अशी अपेक्षा होती. तीही फळाला आली नाही.

विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगायला हवा, नाहीतर मीही सोयीचे साक्षीदार उभे केल्यासारखं होईल. त्याच वर्षी बॉस्टनच्या डेव्हिड लुडविग यांच्या १६४ माणसांच्या अभ्यासात, वजन उतरल्यावर कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचा ऊर्जाखर्च दिवसाला सुमारे २०० कॅलरींनी जास्त दिसला. तो मोजण्याच्या पद्धतीवर वाद झाला, अजून आहे. पण पुढे २०२१ साली हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे एक आणि दोन आठवडे दुसरा असे आहार दिले, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. एका आहारात ७५ टक्के कर्बोदकं, दुसऱ्यात ७५ टक्के मेद. कर्बोदकांच्या आहारात इन्सुलिन बरंच जास्त होतं. तरी त्या आहारावर लोकांनी दिवसाला सुमारे ७०० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि भूक लागत असल्याची जास्त तक्रारही केली नाही. इन्सुलिन वाढलं की भूक वाढते, ही साखळी इथे तुटते. दोन आठवडे म्हणजे थोडे दिवस, हे खरं. पण सिद्धांत जेवढ्या ठामपणे मांडलाय, तेवढा ठाम तो उरत नाही.

गुण येणं आणि कारण कळणं

आता कुणी म्हणेल, पण आमच्या शेजाऱ्यांचं वजन उतरलं ना? उतरलं. माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. औषधाला गुण आला म्हणजे रोगाचं कारण सापडलं असं होत नाही.

मलेरिया या शब्दाचा अर्थच 'वाईट हवा'. दलदलीच्या कुबट हवेनं ताप येतो, असं लोक शतकानुशतकं मानत होते. म्हणून दलदली बुजवल्या, आणि ताप खरंच कमी झाला. उपाय योग्य, कारण चूक. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्या रोगाचा जंतू सापडला, तेव्हा कळलं की दलदल बुजवल्यानं हवा नव्हे, डास गेले होते. आणि हे कळल्याशिवाय मच्छरदाणीचं महत्त्व कळलं नसतं.

कर्बोदकं सोडणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून काय काय जातं ते बघा. बिस्किटं, फरसाण, जिलेबी, कोल्ड्रिंक, चहातली साखर, रात्री उशिरा टीव्हीपुढे खाल्लेले वेफर्स. त्यात कर्बोदकं आहेत, तसंच तेल आहे, मीठ आहे, आणि थांबू न देणारी चव आहे. ताटात प्रथिनं वाढतात आणि पोट भरल्यासारखं वाटतं. पहिल्या आठवड्यात शरीरातल्या साठवलेल्या साखरेबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं आणि काटा पटकन खाली येतो. यांतल्या कशामुळे किती फरक पडला, हे शेजाऱ्यांच्या वजनकाट्यावरून कळायला मार्ग नाही.

याच्या उलटचं उदाहरण ब्रिटनमधलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ३०६ रुग्णांना घेतलं. त्यांतल्या निम्म्यांना काही महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरींची पेयं आणि सूप दिली. त्या आहारात कर्बोदकं होती ५९ टक्के! आणि वर्षाअखेर त्या गटातल्या ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. टॉब्ज यांच्या सिद्धांतात या रुग्णांना जागा नाही.

आपल्याकडेही हाच तर्क वेगळ्या वेषात आला. 'इन्सुलिन' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचवला तो डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारानं आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांनी. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत जेवा. टॉब्ज काय खाता ते बघतात, इथे किती वेळा खाता ते बघितलं. धागा इन्सुलिनचाच. या पद्धतीनं अनेकांचा अरबट-चरबट खाण्याचा नाद सुटला, ही चांगलीच गोष्ट. पण तिथेही प्रश्न हाच: गुण कशाचा? इन्सुलिनच्या लाटा कमी झाल्याचा, की दुपारचा वडापाव आणि चारदा घेतलेला गोड चहा बंद झाल्याचा?

दीर्घकालीन आजार

पुस्तकाच्या दुसऱ्या भागाबद्दल माझं मत बरंच अनुकूल आहे. गेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली दाखवलं की इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होणं, रक्तदाब, वाढलेलं ट्रायग्लिसराइड, कमी झालेलं 'चांगलं' कोलेस्टेरॉल हे सगळं एकत्र नांदतं. कर्बोदकं भरमसाट खाल्ली तर ट्रायग्लिसराइड वाढतं, हेही खरं. फक्त एकूण कोलेस्टेरॉलकडे बघणाऱ्या काळात टॉब्ज यांनी या बाजूकडे लक्ष वेधलं.

पण त्या उत्साहात ते दुसऱ्या टोकाला गेले. शेवटच्या निष्कर्षांत ते म्हणतात की आहारातला मेद, संपृक्त असो वा नसो, हृदयविकाराचं कारण नाही. पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, २००६ साली, जनुकांचा एक अभ्यास आला होता. काही कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या एका जनुकात जन्मतःच असा बदल असतो की त्यांचं 'वाईट' कोलेस्टेरॉल सुमारे २८ टक्के कमी राहतं. त्यांच्यात हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी निघाला. हे आहाराचं प्रमाण नव्हे. पण वाईट कोलेस्टेरॉल हा निव्वळ बागुलबुवा नाही, हे त्यानं स्पष्ट होतं. आणि संपृक्त मेदानं ते वाढतं, हेही नीट मोजलं गेलेलं आहे. दोन वाटांनी चोर येऊ शकतात. एक सापडला म्हणून दुसऱ्या दाराचं कुलूप काढायचं नसतं.

पुण्याजवळची सहा गावं

शेवटी आपल्याकडच्या पुराव्याकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बारीक बायका. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. पण स्नायू कमी असलेल्या या बाळांच्या अंगावरची, विशेषतः पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय बाळ. पुणे आणि लंडनच्या बाळांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं. बाळानं अजून एक घासही खाल्लेला नाही! पुढे असंही दिसलं की गरोदरपणात ज्या आयांना ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं.

म्हणजे 'खा-खा खाल्लं म्हणून' ही जुनी कथा आणि 'कर्बोदकं खाल्ली म्हणून' ही टॉब्ज यांची कथा, दोन्ही इथे अपुऱ्या पडतात. गोष्ट आईच्या पोषणापासून सुरू होते.

मात्र याचा अर्थ आपण भाताचे ढीग उपसत राहावं असा नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीनुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसं. त्याच पाहणीच्या २०२५च्या लेखानुसार आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिनं फारच कमी आहेत. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका कमी झालेला दिसला नाही. थोडी कर्बोदकं काढून तिथे डाळी, दूध-दही यांसारखी प्रथिनं आली तर धोका कमी दिसला. हा पाहणीचा पुरावा आहे, प्रयोगाचा नव्हे, म्हणून त्याला तेवढंच वजन द्यायचं. पण दिशा स्पष्ट आहे. टॉब्ज यांचा सल्ला भारतीय ताटाला काही अंशी लागू पडतो. त्यासाठी त्यांचा सिद्धांत मान्य करावा लागत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: माझ्या वडिलांना मधुमेह आहे. भात-चपाती जवळजवळ बंद केल्यापासून त्यांची साखर चांगली राहतेय. तुम्ही म्हणता सिद्धांत चूक. मग बंद करायचं का?*

नाही हो, तसं अजिबात नाही. रक्तात साखर येते ती मुख्यतः कर्बोदकांतून. ती कमी केली की साखर कमी चढणार, यात वाद नाही. मधुमेहासाठी हा चांगला उपाय आहे. पण काका गोळ्या कुठल्या घेतात? ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवणातली कर्बोदकं एकदम काढली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर रक्तात आम्ल साठण्याचा वेगळाच धोका असतो, आणि त्यात साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. म्हणून आहार बदलताना डॉक्टरांना आधी सांगा, डोस बदलावा लागतो. आणि भाताच्या जागी काय आलं ते बघा. उसळ, दही, भाज्या, शेंगदाणे आले तर उत्तम. रोज लोणी आणि चीज आलं असेल तर वर्षातून एकदा कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.

*प्रश्न: मग हे पुस्तक वाचावं की नाही?*

जरूर वाचा. पहिला भाग तर नक्की वाचा. तज्ज्ञांचं एकमत कसं तयार होतं, आकडे कसे गाळले जातात, हे त्यातून शिकता येतं. तिसऱ्या भागाला आलात की तेच शिकलेलं टॉब्ज यांच्यावर वापरा. दर पानावर विचारा: हे मोजलंय, की जोडलंय? आणि त्यानंतर २०१६पासून झालेले प्रयोगही बघा. हा वाद संपलेला नाही. पण २००७मध्ये वाटत होता तेवढा एकतर्फीही तो आता राहिलेला नाही.